टपरीची सिगारेट सुटली, उशीखालचा वेप राहिला

डोंबिवलीत राहणारा, ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळी करणारा २९ वर्षांचा तरुण. वडील नाहीत, घरी आई आणि तो. गेल्या वर्षी सिगारेट सोडायची म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आला आणि सात महिने येत राहिला. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण असं, की पहिला महिनाभर मी त्याच्या अर्ध्याच व्यसनावर काम करत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पहिली भेट

शिफ्ट संपवून सकाळी थेट आला होता. "मॅडम, दिवसाला नऊ-दहा होतात. घरी स्थळं बघताहेत. लग्नाआधी सुटलं पाहिजे."

नऊच्या नऊ कंपनीच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर. रात्री अकराला दोन, मग एकच्या आणि तीनच्या ब्रेकला दोन-दोन, पहाटे कॅब लागायच्या आधी तीन. प्रत्येक वेळी कटिंग आणि प्रत्येक वेळी तेच चार मित्र. घरी एकही नाही, कारण आईला वास येतो. सगळ्या सुट्या घेतलेल्या. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण रात्री तीनला टपरीवर ती मागितली की मिळते. आणि सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. त्यामुळे पाकिटावरचं इशाऱ्याचं चित्र आणि तिथेच छापलेला राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक या दोन्ही गोष्टी त्याने कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. क्रमांक मी कागदावर लिहून दिला.

निकोटीनवर माणूस किती अवलंबून आहे हे पाहायला आम्ही फॅगरस्ट्रॉम चाचणी वापरतो. सहा प्रश्न, १० गुण. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? हा दुपारी एकला उठतो आणि पहिली रात्री अकराला, म्हणून शून्य. मनाई असलेल्या जागी आवरणं जड जातं का? "नाही, ऑफिसमध्ये आरामात थांबतो." शून्य. दिवसाला दहाच्या आत, पुन्हा शून्य. एकच गुण मिळाला, आजारपणातही ओढता का या प्रश्नाला. अंगात ताप असताना शाल गुंडाळून कोपऱ्यापर्यंत गेला होता म्हणे. दहापैकी एक. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या मीटरवर १४ पीपीएम (दहा लाख भागांत १४ भाग), म्हणजे सिगारेट नक्की चालू.

मी निष्कर्ष काढला की अवलंबित्व कमी आहे, सवय मात्र जागेला आणि सोबतीला घट्ट बांधलेली आहे. म्हणून औषधाचा विचार बाजूला ठेवून मी सगळा भर सरावावर दिला.

सराव म्हणजे नेमकं काय

कॉग्निटिव्ह ट्रेनिंग, म्हणजे मेंदूला दिलेला सराव, म्हटलं की लोकांना कोडी सोडवणं किंवा स्मरणशक्तीचे खेळ आठवतात. त्यांचा उपयोग झालेला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांना असे संगणकावरचे खेळ बारा आठवडे दिले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सोडणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडलेला नव्हता. मला ते पटण्यासारखं वाटतं. व्यसनी माणसाची बुद्धी कमी पडत नसते. तलफेच्या क्षणी विचार पोहोचायच्या आधी हात निघालेला असतो, अडचण तिथे आहे.

त्या हातावर काम करणारा सराव वेगळा. पडद्यावर एकामागून एक चित्रं येतात. काही आपल्याकडे ओढायची, काही ढकलायची. ओढलं की चित्र मोठं होतं, ढकललं की लहान होत दूर जातं. नियम चित्रात काय आहे यावर नसतो. चित्र डावीकडे कललेलं असेल तर ढकला, उजवीकडे कललेलं असेल तर ओढा, एवढाच. आधी नुसतं मोजमाप घेतलं तर सिगारेट पिणाऱ्याचा हात सिगारेटचं चित्र ढकलताना किंचित अडखळतो, काही मिलिसेकंदांनी. सरावात मात्र सिगारेटचं प्रत्येक चित्र डावीकडेच कललेलं ठेवतात. शेकडो वेळा हात ती ढकलत जातो.

नेदरलँड्सचे राइनाउट विअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जर्मनीतल्या एका रुग्णालयात दारू सोडणाऱ्या २१४ जणांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका. वर्षभराने सराव न केलेल्यांपैकी ५९ टक्के पुन्हा पिऊ लागले होते, सराव केलेल्यांपैकी ४६ टक्के. सिगारेटवर मात्र निकाल संमिश्र आहेत, कुठे फायदा दिसतो, कुठे दिसत नाही. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. उपचाराला जोड म्हणून सराव द्यावा, त्याच्या जागी देऊ नये, असं माझं मत तेव्हाही होतं. तरी याच्या बाबतीत मी त्याच्या जागी दिला.

इंटरनेटवरून घेतलेली धुराची सुबक चित्रं मला निरुपयोगी वाटतात. त्याला मी सांगितलं, टपरीवर जा आणि तुम्हाला जे दिसतं त्याचे फोटो काढून आणा. त्याने ३६ आणले. दोरीला बांधलेला लायटर, बरणीच्या झाकणावर मांडलेल्या चार सिगारेटी, कटिंगच्या ग्लासाच्या काठाला टेकवलेली राख, मित्राच्या बोटांत अर्धी जळलेली, गटाराच्या जाळीत अडकलेली थोटकं. एका फोटोत तर काहीच नव्हतं, फाटकातून दिसणारा टपरीचा पिवळा दिवा फक्त. "हा दिवा दिसला की हात खिशात जातो," तो म्हणाला. माझ्या मते पूर्ण संचातलं सगळ्यात कामाचं चित्र तेच होतं. जोडीला ओढायची चित्रं घेतली: बडीशेपेची पुडी, पाण्याची बाटली, आईने दिलेला डबा, घराची किल्ली.

रोज रात्री निघायच्या आधी बारा मिनिटं, चार आठवडे. शिवाय एक विचाराचा सराव. चित्र समोर आलं की आधी मनात "आत्ता" म्हणून सिगारेट ओढल्यावर या क्षणी काय वाटेल ते आठवायचं, मग "नंतर" म्हणून वर्षांनी काय होईल ते. हेडी कोबर यांच्या २०१० मधल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांनी परिणामांचा विचार केला तेव्हा तलफ कमी झाली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये आवर घालणारा पुढचा भाग जास्त काम करताना दिसला. याचं "नंतर" मी ठरवून दिलं नाही. त्याने निवडलं: वडिलांच्या शेवटच्या वर्षातला जिना. दुसऱ्या मजल्यावर पोचायला ते तीनदा थांबत.

चौथा आठवडा

सिगारेटी नऊवरून सहा, तीन, मग आठवड्यात एखादी. मीटरवर ४ पीपीएम. मी मनापासून अभिनंदन केलं. तो हसला नाही.

एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. निकोटीन सुटताना चिडचिड होते, भूक वाढते, झोप मोडते. याला यातलं काहीच झालं नव्हतं. व्यसन हलकं असल्याची ती खूण, असं मी मानलं.

पुढच्या भेटीत खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाला, "आईने पेनड्राइव्ह टीव्हीवर ठेवलाय."

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. आईने धुवायला जीन्स घेतली, खिसे तपासले, एक लांबट चपटी वस्तू सापडली. ऑफिसची महत्त्वाची चीज धुण्यात जाणार होती म्हणून तिने ती पुसून टीव्हीच्या वरच्या फळीवर, देवाच्या दिव्याच्या काडेपेटीशेजारी ठेवली आणि संध्याकाळी त्याला म्हणाली, "तुझा पेनड्राइव्ह वाचला बरं का, जपत जा." तो डिस्पोजेबल वेप होता, म्हणजे संपली की टाकून द्यायची ई-सिगारेट, आंब्याच्या वासाची. खोलीतला तो वास आईला दोन वर्षं रूम फ्रेशनरचा वाटत होता. "तिने ती पदराने पुसली, मॅडम," एवढं बोलून तो बराच वेळ गप्प बसला.

पूर्वी एक डिस्पोजेबल नऊ दिवस पुरायचं. सराव सुरू झाल्यापासून चार दिवसांत संपत होतं.

माझं कुठे चुकलं

मीटर खोटं बोललं नव्हतं. कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून येतो. वेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून वाफ होते. दिवसभर वेप ओढणारा माणूसही त्या मीटरवर स्वच्छ दिसतो. चाचणीचंही तसंच. सगळे प्रश्न सिगारेटचे, त्याने सगळी उत्तरं सिगारेटचीच दिली, आणि खरी दिली. ऑफिसात आवरणं जड जात नव्हतं, कारण तिथे स्वच्छतागृहाची कडी होती आणि खिशात वेप.

तेच प्रश्न मी पुन्हा विचारले, "सिगारेट"च्या जागी "निकोटीन" घालून. उठल्यावर किती वेळाने? "डोळे उघडायच्या आधी. उशीखाली असतं." तीन गुण. मनाईच्या जागी? एक. सगळ्यात सोडवत नाही तो कोणता? उठल्याचा. एक. उठल्यावर पहिल्या काही तासांत जास्त? हो, एक. आजारपणाचा आधीचा एक. दिवसाला किती, या प्रश्नाला गुण देता येईना, पफ कोण मोजणार? तो सोडूनही सात झाले. सहाच्या पुढे आम्ही जास्त अवलंबित्व धरतो.

त्याने लपवलं का, असं सहकाऱ्यांनी मला विचारलं. मी विचारलं नव्हतं, हे खरं उत्तर आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. बंदी असलेली वस्तू माणूस आपणहून टेबलावर ठेवत नाही, विशेषतः समोर सरकारी दिसणारा फॉर्म असेल तर. बंदीमुळे आणखी एक होतं. त्या वस्तूत काय आहे हे कुणीच तपासलेलं नसतं. त्याच्या पाकिटावर ५ टक्के लिहिलं होतं, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन; युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादा २० आहे. इतकं तीव्र निकोटीन घशाला बोचत नाही, कारण ते क्षाराच्या रूपात असतं.

वेपला थोटूक नसतं

टपरीच्या चित्रांचा सराव सिगारेटवर चालला आणि वेपवर त्याचा ओरखडाही उमटला नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. दोन्हींत निकोटीनच. पण सिगारेटला जागा असते, सोबत असते, सुरुवात आणि शेवट असतो. पेटवली, सात-आठ मिनिटांत संपली, थोटूक पायाखाली गेलं, परत आत. वेपला यातलं काही नाही. तो संपल्याचं कळत नाही आणि कुठे जावंही लागत नाही.

आधी मी सरळ मार्ग घेतला: वेपचे फोटो काढून तीच चित्रं ढकलायला लावली. दहा दिवस काही फरक नाही. मग त्याला म्हटलं, एक दिवस हात गेला की थांबून डोळ्यांसमोर काय आहे तेवढं टिपून ठेवा. यादी आली त्यात वेप एकदाही नव्हता. तो वेपकडे बघतच नाही! त्याला दिसतं ते असं: अंधारात मोबाइलचा पडदा, कॅबच्या काचेतून ठाणे-बेलापूर रस्त्याचे दिवे, स्वच्छतागृहाची आतली कडी, "टीम लीड इज टायपिंग" अशी चॅटची ओळ, पंख्याचं पातं.

दुसरा संच या फोटोंचा बनवला. यात अडचण होती. मोबाइलचा पडदा किंवा पंखा ढकलायला शिकवून काय साधणार? म्हणून ढकलायच्या चित्रांत त्या जागांसोबत ओठांपर्यंत निघालेला त्याचा स्वतःचा हात घेतला, आणि ओढायच्या चित्रांत त्याच जागा, पण हातात च्युइंगमची पट्टी किंवा पाण्याची बाटली. कडीचा फोटो दोन्हीकडे होता. तो म्हणाला, "आता कडी लावली की मला दोन्ही चित्रं आठवतात." इतकं मला पुरेसं होतं.

उशीखालच्या हातावर मात्र पडद्याचा इलाज चालेना. तिथे डोळे मिटलेलेच असतात. त्यावर तोडगा त्यानेच काढला. आईला सांगितलं, पेनड्राइव्ह नव्हता ते. ती रागावली नाही, पण दोन दिवस बोललीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग तो तिथेच राहू दे, टीव्हीवर. लागला तर माझ्यासमोरून उचलायचा." उशीपासून टीव्हीपर्यंत बारा पावलं.

औषध आणि सोडण्याचा दिवस

उठल्याउठल्या निकोटीन लागतं अशा माणसाला नुसता सराव देणं मला योग्य वाटत नाही. डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगम सुरू केलं. आठवड्याने त्याची तक्रार, उचकी लागते आणि उपयोग शून्य. विचारलं तर गम भराभर चावत होता आणि वर कटिंग पीत होता. गम सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा. चहा-कॉफीने तोंडातलं आम्ल बदलतं आणि निकोटीन नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा नाही. हे मी पहिल्यांदाच करून दाखवायला हवं होतं. पद्धत सुधारल्यावर चार दिवसांत त्याची झोप लागू लागली.

आधी सिगारेट, मग वेप, असं टप्प्याने का नाही? ब्रिटनमध्ये सिगारेट सोडायला वेपची शिडी म्हणून शिफारस होते, २०२३ मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी मोहीमच जाहीर केली. याच्याबाबतीत ती शिडी नव्हती. सिगारेट कमी झाली की वेप वाढायचा, वेप संपला की टपरी आठवायची. दोन्ही एकाच शनिवारी थांबवायचं ठरलं. पफ मोजता येत नव्हते म्हणून आधीचे सहा आठवडे एक डिस्पोजेबल किती दिवस पुरतं तेच मोजलं: चार, मग सात, मग बारा. शेवटचं अर्धवट असताना त्याने आणून दिलं. आत लिथियमची बॅटरी असते, कचऱ्यात टाकू नका म्हटलं.

गणपती

सोडून पाच आठवडे झाले आणि तो गणपतीला गावी गेला, कोकणात. आरती झाली की चुलतभाऊ गच्चीवर. चौथ्या रात्री काळोखात एकाने वेप पुढे केला आणि याने दोन पफ घेतले. परत आल्यावर पहिलं वाक्य ते सांगितलं. मला त्याच्या घसरण्यापेक्षा लगेच सांगण्याचं महत्त्व जास्त वाटलं.

आमच्या ७० चित्रांत पुढे केलेला हात कुठेच नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. भावाचा हात नाकारायला त्याला शिकवलंच नव्हतं. केंद्रातल्या एका सहकाऱ्याचा हात वेगवेगळ्या वस्तू पुढे करताना टिपला आणि तो संच जोडला. त्याशिवाय प्रत्यक्ष तालीम केली: मी वेपचं रिकामं नळकांडं पुढे करायची, त्याने तळवा आडवा धरून "नको रे, सोडलंय" म्हणायचं. पहिल्या दिवशी त्याचा आवाज निघत नव्हता. वीसेक वेळा केल्यावर निघाला.

सातव्या महिन्यात

सिगारेट साडेचार महिने बंद, मधे मित्राच्या हळदीला एक. वेप गणपतीनंतर नाही. मीटरवर २ पीपीएम, पण त्यावर मी आता विसंबत नाही. लघवीतलं कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासायला गम सुटेपर्यंत थांबावं लागलं, कारण गममुळेही ती चाचणी होकारार्थी येते. गम बंद करून तीन आठवड्यांनी चाचणीच्या पट्टीवर लघवी तपासली, नकारार्थी आली.

यात सरावाचा वाटा किती? एका माणसावरून ते सांगता येत नाही. गम होता, आई होती, आणि पाचव्या महिन्यात त्याला दिवसपाळी मिळाली, तिचा हातभार मी लहान मानत नाही. टपरीचा पिवळा दिवा दिवसा लागतच नाही. मला खात्रीने सांगता येतं ते इतकंच, की पहिल्या संचाने सिगारेट हलली आणि वेप हलला नाही, दुसऱ्याने वेप हलला. आणि दोन्ही संच त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या जागांचे होते.

केंद्रातला फॉर्म मी बदलून घेतला. "दिवसाला किती सिगारेट?" हा प्रश्न चौथ्या जागी गेला. पहिला आता असा आहे: "जाग आल्यावर हात सगळ्यात आधी कशाकडे जातो?" मागच्या आठवड्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती, सिगारेट सोडायची म्हणून. प्रश्न वाचून तिने पेन खाली ठेवलं, पाउच उघडला आणि लिपस्टिकएवढी एक गुलाबी नळी टेबलावर ठेवत विचारलं, "हेही धरायचं का, मॅडम?"